बी.एस्सी. मायक्रोला आहे, साथीच्या रोगांच्या संशोधनात जायचंय. सांगलीत राहून सुरुवात कुठनं करू?

द्राक्षबाग_तासगाव
नमस्कार मंडळी, पहिलाच धागा आहे, सांभाळून घ्या. मी सांगलीत बी.एस्सी. मायक्रो (मायक्रोबायोलॉजी, सूक्ष्मजीवशास्त्र), एस.वाय. ला आहे, तासगाववरनं रोज एसटीनं येजा. मेडिकलची नीट परीक्षा दिलेली, पण सरकारीला लागेल एवढे मार्क पडले नाहीत आणि खाजगी मेडिकलची फी म्हणजे बागच विकायची, त्यामुळं तो विषय घरात संपला. मायक्रो घेतलं तेव्हा दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून घेतलं, आता मात्र खरंच आवडायला लागलंय. एका गावात डेंग्यूचे पेशंट आणि शेजारच्या गावात एक पण नाही असं का, औषध लागू पडायचं बंद का होतं, असलं काहीबाही डोक्यात फिरत असतं. पण कुणाला विचारलं की एकच उत्तर, ते एमबीबीएसवाल्यांचं काम, तू बी.एड. कर नाहीतर एमपीएससी. आयसीएमआरची, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची, एसटीएस म्हणून विद्यार्थ्यांची स्कीम बघितली, दोन महिने संशोधन करायचं आणि पैसे पण मिळतात, पण तिथंही एमबीबीएस आणि बीडीएसच पाहिजे. मग आमच्यासाठी काही आहे का नाहीच? आत्ता लगेच, इथं राहून काय करता येईल ते पण सांगा.

वडाप_ते_विश्रामबाग
ताई खरं सांगू का, राग मानू नका. आमच्या मायक्रोच्या बॅचमधले निम्मे एमआर (औषध कंपन्यांचे प्रतिनिधी) झाले, बाकीचे साखर कारखान्याच्या लॅबला नाहीतर डिस्टिलरीत. मी पण त्यातलाच. पगार वेळेवर होतो, घर चालतं. संशोधन वगैरे ऐकायला भारी वाटतं पण एम.एस्सी. दोन वर्षं, मग नेटची परीक्षा, मग पीएच.डी. पाच वर्षं, तोवर घरचे थांबणारायत का? मुलगी म्हटल्यावर तर तेवीसाव्या वर्षी पाहुणे सुरू. आधी याचा विचार करा.

मिरज_लॅबवाला
वडापराव, तुमचं घर चालतंय चांगलंय की, पोरीनं विचारलंय काय आणि तुम्ही सांगताय काय.
ताई, मी डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा), मिरजेत लॅब आहे. तुम्ही राहता त्या भागाची किंमत तुम्हाला कळलेली नाही असं मला वाटतं. वॉन्लेसचं मिशन हॉस्पिटल १८९४ सालचं, टीबीचं सॅनेटोरियम, सरकारी मेडिकल कॉलेज, आणि कर्नाटकातनं रेल्वेनं येणारे पेशंट वेगळेच. पुस्तकातला रोग इथं रांगेत उभा असतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत एखाद्या चांगल्या लॅबमध्ये नुसतं उभं राहायची परवानगी मागा. काम नाही दिलं तरी चालेल, बघा. टीबीची स्लाइड कशी होते ते उदाहरण घ्या. बेडका आला की त्यातला पिवळट घट्ट भाग उचलायचा, नुसती लाळ असेल तर ती स्लाइड वायाच. स्मियर, म्हणजे काचेवरचा पातळ थर, वाळवला, फिक्स केला, वर कार्बोल फुक्सिनचा लाल रंग आणि खालनं आच, वाफ दिसली पाहिजे पण उकळी येता कामा नये. मग ॲसिडनं धुवायचं, मग मिथिलीन ब्लू. निळ्या पार्श्वभूमीवर गुलाबी बारीक काडी दिसली तर पॉझिटिव्ह, आणि निगेटिव्ह म्हणायच्या आधी शंभर फिल्ड (मायक्रोस्कोपखाली एका वेळी दिसतो तेवढा भाग) बघायचे. शंभर म्हणजे शंभर, मान मोडून येते. आता सीबीनॅट आणि ट्रूनॅट ही जंतूचा डीएनए शोधणारी मशीनं आल्यापासनं स्लाइडवरचा भार कमी झालाय, दोन तासात रिझल्ट आणि रिफॅम्पिसिन हे टीबीचं औषध चालतंय का नाही ते पण कळतं. पण हात बसायचा तो स्लाइडवरच बसतो.

पलूसची_आई
माझी मुलगी बारावीला आहे, तिला पण हेच करायचंय म्हणून वाचतेय. मला एकच विचारायचंय, हे जंतूंशी खेळणं सुरक्षित असतं का हो? उद्या टीबी घरी घेऊन आली तर?

पेट्रीप्लेट
मी मूळची वाळवा तालुक्यातली, बी.एस्सी. आणि एम.एस्सी. दोन्ही शिवाजी विद्यापीठातनं, आता पुण्यात पीएच.डी. चालू. आधी पलूसच्या ताईंच्या प्रश्नाचं. जंतूंप्रमाणे लॅबच्या पायऱ्या असतात, बीएसएल (बायोसेफ्टी लेव्हल) १ ते ४. कॉलेजातली पोरं पहिल्या-दुसऱ्या पायरीवर काम करतात. टीबी कल्चरसारखं काम वेगळ्या हवेच्या व्यवस्थेच्या लॅबमध्ये, ट्रेनिंग झाल्याशिवाय आत सोडत नाहीत. चौथी पायरी म्हणजे निपाहसारखे विषाणू, ती पुण्याच्या एनआयव्हीत, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेत आहे. दवाखान्याच्या लॅबमध्ये पाय ठेवायच्या आधी हिपॅटायटिस बी ची लस घ्यायची, तोंडानं पिपेट (द्रव मोजून घ्यायची नळी) ओढायचं नाही, लॅबकोट घालून कँटीनला जायचं नाही. शेवटचं सगळ्यात जास्त मोडलं जातं.

आता धागाकर्तीचं. एमबीबीएसशिवाय या क्षेत्रात जाता येत नाही हे ज्यांनी सांगितलं त्यांना विचार की हाफकिन कोण होते. ज्यांनी मुंबईत प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली ते प्राणिशास्त्राचे, डॉक्टर नव्हेत. पाश्चर रसायनशास्त्रज्ञ. आपल्या कमल रणदिवेंच्या वडलांना मुलगी डॉक्टर व्हावी असं वाटत होतं, त्या फर्ग्युसनला वनस्पतीशास्त्र आणि प्राणिशास्त्राकडे गेल्या, पुढं कॅन्सरवर आणि कुष्ठरोगाच्या जंतूवर काम केलं, १९८२ ला पद्मभूषण. त्यामुळं नीटचं डोक्यातनं काढून टाक. पेशंटला औषध लिहायचं असेल तर एमबीबीएस लागतंच, पण जंतूला प्रश्न विचारायला लागत नाही.

एसटीएस तुझ्यासाठी नाही हे खरंय. पण तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळ्यात समर रिसर्च फेलोशिप देतात ती बी.एस्सी.ला चालते. दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या लॅबमध्ये, स्टायपेंडसकट. अर्ज दिवाळीच्या मागंपुढं निघतात, तेव्हा आपली पोरं सेमिस्टरच्या परीक्षेत बुडालेली असतात आणि तारीख निघून जाते. त्यात मार्क, सरांचं शिफारसपत्र, आणि तुला काय करायचंय आणि का ते तुझ्या शब्दात लिहायचं असतं. हे तिसरं बहुतेक जण इंटरनेटवरनं उचलतात. सांगलीच्या पोरीनं 'लहानपणापासून विज्ञानाची आवड' लिहिलं तर वाचणारा पान उलटतो. तू वर लिहिलंयस ना, एका गावात डेंग्यू आणि शेजारच्या गावात नाही, ते लिही.

कराडचा_पाहुणा
आणि एक सावध करतो. 'इंटर्नशिप'च्या नावाखाली पैसे घेणाऱ्या खाजगी ट्रेनिंगवाल्यांपासनं लांब राहा. माझ्या भावानं पुण्यात एका ठिकाणी पैसे भरले, पीसीआर (डीएनएच्या प्रती काढायची पद्धत) शिकवणार म्हणून. मशीन काचेच्या आड, दाखवली पीपीटी, आणि शेवटच्या दिवशी लॅबकोट घालून फोटो आणि सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट. मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला की प्रायमर (त्यात लागणारा डीएनएचा छोटा तुकडा) डिझाइन करताना काय बघशील, आणि साहेब गप्प.

वडाप_ते_विश्रामबाग
हे मात्र खरंय. आमच्यातल्या दोघांचे असेच गेले.

द्राक्षबाग_तासगाव
एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. पेट्रीप्लेट ताई, टी.वाय.ला प्रोजेक्ट असतो आम्हाला. दरवर्षी सगळे तेच करतात, हळद, कडुलिंब, तुळस यांचा अर्क काढायचा आणि जंतूवर टाकून बघायचं. मला अँटिबायोटिक रेझिस्टन्सवर, म्हणजे जंतू औषधाला दाद देत नाहीत त्यावर, काहीतरी करायचंय. आमच्याकडं आजूबाजूला पोल्ट्री भरपूर आहेत, कोंबड्यांना कोलिस्टिन हे अँटिबायोटिक देत होते असं वाचलं, त्यावर केलं तर? दवाखान्यातनं पेशंटचे जंतू आणता येतील का?

ओपीडी_संपली
मी एम.डी. मायक्रोबायोलॉजी, सरकारी नोकरीत. दोन्ही प्रश्नांना एकेक ओळ. पेशंटचा नमुना किंवा त्यातनं काढलेला जंतू असा पिशवीत घालून कुणी देणार नाही आणि देऊ पण नये, त्याला एथिक्स कमिटीची परवानगी लागते, आणि प्रोजेक्टमध्ये कुणीतरी वैद्यकीय मार्गदर्शक लागतो. कोलिस्टिनचं म्हणशील तर खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांत ते २०१९ च्या जुलैपासनं देशात बंद आहे, आणि मुख्य अडचण अशी की कोलिस्टिनचा रेणू मोठा, तो आगरमधून (जंतू वाढवायच्या जेलीतून) नीट पसरत नाही, त्यामुळं औषधाची डिस्क लावून भोवतीचा जंतू न वाढलेला झोन मोजलास तर उत्तर भरवशाचं येत नाही. त्याला ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन (द्रवात औषधाचं प्रमाण बदलत बघणं) लागतं, ते बी.एस्सी.च्या लॅबमध्ये जमवणं अवघड.
पण आवड बरोबर जागी आहे. वॉर्डात रोज तेच बघतो आम्ही, लघवीच्या कल्चरमध्ये ई. कोलाय (आतड्यातला जंतू) आणि अर्ध्या औषधांपुढं आर, आर, आर, म्हणजे रेझिस्टंट.

पेट्रीप्लेट
सरांनी वाचवलं तुला. आता माझं ऐक, माणूस नाही आणि पोल्ट्री पण नाही, नदी घे. शेरीनाला, म्हणजे शहराच्या सांडपाण्याचा नाला, कृष्णेत मिसळतो हे सांगलीच्या शेंबड्या पोराला पण माहीत आहे, सगळे नाक दाबून बोलतात. पण त्या पाण्यातला ई. कोलाय कुठल्या औषधांना दाद देत नाही हे तुझ्या हातानं मोजलेलं तुझ्याकडं असलं तर तो प्रोजेक्ट झाला. आणि हे अगदी कॉलेजच्या लॅबमध्ये होतं.

जागा तीन. वरच्या अंगाला डिग्रजकडं, मग नाल्याच्या तोंडापाशी, मग खाली हरिपूरला. हरिपूरला मात्र संगमाच्या आधी घे, वारणेचं पाणी मिसळलं की तुझा हिशेब बिघडला. निर्जंतुक केलेली काचेची बाटली, बुडाला धरायची, तोंड प्रवाहाकडं, पृष्ठभागाखाली वीतभर. काठावरचं साचलेलं पाणी घ्यायचं नाही. बर्फाच्या डब्यात टाकायची आणि सहा तासाच्या आत लॅबला, म्हणजे एसटीची वाट बघत बसायचं नाही त्या दिवशी, कुणाची तरी गाडी ठरव. एकटी जाऊ नकोस, काठ निसरडा असतो.

मग एमपीएन (पाण्यात जंतू किती त्याचा अंदाज), मग ईएमबी आगर (ई. कोलाय ओळखायची प्लेट). ई. कोलाय असेल तर कॉलनीवर हिरवट धातूसारखी चमक येते, पहिल्यांदा दिसते तेव्हा लय भारी वाटतं, पण तेवढ्यावर थांबू नकोस, आयएमव्हीआयसी या चार चाचण्या करून खात्री कर. मग म्युलर-हिंटन आगरच्या प्लेटवर डिस्क. टर्बिडिटी (जंतूंच्या द्रवाचा गढूळपणा) ०.५ मॅकफारलंड या प्रमाणाला जुळवायची, स्वॅब तीन दिशांनी फिरवायचा, डिस्क एकदा टेकली की सरकवायची नाही. सोळा ते अठरा तास ३५ अंशाला, मग झोन मिलिमीटरमध्ये. शेजारी कंट्रोल म्हणून ई. कोलाय एटीसीसी २५९२२ हा ठरलेला स्ट्रेन लावायचाच. तो आला नाही तर बाकीचे सगळे आकडे टाकून द्यायचे, कितीही सुंदर दिसले तरी. हे जमलं तर तू आमच्या लॅबमधल्या काही एम.एस्सी.वाल्यांच्या पुढं आहेस, खोटं नाही सांगत.

पावसाळ्याआधी एकदा आणि पावसात एकदा असं घे. पूर आला की पाणी कसं वागतं ते सांगलीकराला सांगायला नको, २०१९ ला आणि २०२१ ला बघितलंय सगळ्यांनी.

मिरज_लॅबवाला
पुराच्या काळात घेऊ नका बाबांनो, लेप्टोचं (लेप्टोस्पायरोसिसचं) बघा आधी. २०१९ ला पूर ओसरल्यावर डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या वाटत फिरत होते ते आठवतंय ना. उंदराच्या लघवीतनं पाण्यात येतो, पायाला चीर असली की झालं. गमबूट, हातमोजे.

भुरी_डावणी
मी बागायतदार, मायक्रोतलं काही कळत नाही, भाचीनं धागा दाखवला. पण ते औषध लागू न पडण्याचं कळलं बघा. आमच्यात एकच बुरशीनाशक मारत राहिलं की दोन-तीन सिझनला डावणी हा द्राक्षाचा रोग त्याला भीक घालत नाही, मग दुकानदार नवीन डबा देतो. माणसांचं पण तसंच झालंय म्हणायचं. ताई, तुमच्या वडलांना असंच सांगा, तासगावातल्या बागवाल्याला पटणार नाही असं होणार नाही. एमपीएससी त्यांना कळतं म्हणून ते तेच सांगतात.

द्राक्षबाग_तासगाव
काका, कालच जेवताना सांगितलं. पप्पांनी पहिला प्रश्न विचारला की मग माणसांना नवीन डबा कोण देतंय. मला उत्तर आलं नाही पण विषय निघाला तरी.

ओपीडी_संपली
वडलांचा प्रश्न सोपा नाही. नवीन अँटिबायोटिकच्या मागं कंपन्या फार पैसा घालत नाहीत, कारण औषध आठवडाभर घेऊन बंद होतं आणि चांगलं असेल तर आम्हीच ते राखून ठेवतो. बीपीची गोळी माणूस जन्मभर घेतो. सांगा त्यांना.

पलूसची_आई
पेट्रीप्लेट ताई, पुढचा रस्ता पण जरा सांगा ना, एम.एस्सी. कुठून करायची, पैशाचं कसं.

पेट्रीप्लेट
एका जागी सांगते. एम.एस्सी.साठी शिवाजी विद्यापीठ आहेच, कमी समजू नका, मी तिथलीच. व्हायरसच आवडत असेल तर एनआयव्हीत पुणे विद्यापीठाशी जोडलेली एम.एस्सी. व्हायरॉलॉजी आहे, जागा कमी आणि प्रवेशपरीक्षा. आयआयटी-जॅमचा बायोटेक्नॉलॉजीचा पेपर आणि डीबीटीची (केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची) गॅट-बी प्रवेशपरीक्षा पण बघा, फक्त काही ठिकाणी बारावीला गणित मागतात, फॉर्म भरायच्या आधी वाचा नाहीतर फी फुकट. मेडिकल कॉलेजांत तीन वर्षांची एम.एस्सी. मेडिकल मायक्रो असते, ती दवाखान्याच्या जास्त जवळची. चार वर्षांची पदवी घेणार असाल तर चौथ्या वर्षी संशोधनाचा पर्याय आहे, त्याला पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के लागतात.
पैशाचं म्हणाल तर एम.एस्सी.पर्यंत घरचेच. पण सीएसआयआर-नेटला जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप) निघाली की महिना ३७,००० आणि वर घरभाडं, हा दर २०२३ पासनं आहे. वडापदादा म्हणतात तसं पीएच.डी. म्हणजे पाच वर्षं घरच्यांच्या जिवावर असं नाही. पैसे उशिरा येतात ही मात्र रड आहे, त्याची तयारी ठेवायची. आणि एम.एस्सी. झाल्यावर लगेच पीएच.डी. नको असेल तर आयसीएमआरच्या संस्थांत प्रोजेक्टवर जागा निघतात, वॉक-इन असतो, वर्षभर तिथं घासल्यावर आपल्याला हे झेपतंय का ते कळतं. लग्नाचं मी काही सांगत नाही, माझ्या घरी पण चालूच आहे.

महाबळेश्वर_घाट
सातारकरांतर्फे एक भर. रोग म्हणजे आफ्रिकेत नाहीतर केरळात असं वाटतं आपल्याला. एनआयव्हीच्या लोकांनी २०२० च्या मार्चमध्ये आमच्या महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांचे नमुने घेतले, त्यात निपाहच्या अँटीबॉडी (विषाणूशी लढायला शरीरानं बनवलेली प्रथिनं) सापडल्या, २०२१ ला पेपर आला. माणसाला लागण झाली असं त्यात काही नव्हतं, पण आमच्याकडं व्हॉट्सॲपवर अशी बोंब उठली की हॉटेलवाले हवालदिल. तो पेपर इंटरनेटवर आहे, बी.एस्सी.च्या मुलानं वाचावा, भाषा अवघड नाही. अँटीबॉडी सापडणं आणि विषाणू सापडणं यातला फरक त्यातनं जेवढा कळतो तेवढा पुस्तकातनं मला तरी कळला नव्हता. आणि हे काम करणारे काही गुहेत जाळी लावून रात्र काढणारे, काही पुण्यात मशीनपुढं बसणारे, काही नुसते आकडेमोड करणारे. धागाकर्तीनं आत्तापासनं थोडं स्टॅटिस्टिक्स आणि आर ही आकडेमोडीची संगणकभाषा शिकून ठेवावं, फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवर पण चालतं.

द्राक्षबाग_तासगाव
अपडेट. मॅडमना शेरीनाल्याचं विचारलं. आधी म्हणाल्या नेहमीचा हळदीचा कर, सोपा आहे. मग मी तिन्ही जागा आणि कंट्रोलचं कागदावर लिहून नेलं, तर म्हणाल्या इनक्युबेटर एफ.वाय.च्या प्रॅक्टिकलनंतर मिळेल, संध्याकाळी थांबावं लागेल, आणि काठावर जाताना लॅब असिस्टंट दादांना बरोबर घ्यायचं. एटीसीसीचा स्ट्रेन कॉलेजात नाहीये, तो कुठनं मिळेल? आणि फ्रीजमध्ये डिस्क आहेत पण एक्सपायरी होऊन गेलीय, चालतील का?

पेट्रीप्लेट
एक्सपायर झालेल्या डिस्क अजिबात नाही. औषधाची ताकद गेलेली असते, झोन बारीक येतो आणि तू खुशाल लिहिणार रेझिस्टंट. पाच-सहा औषधांच्या नवीन मागवा, ॲम्पिसिलिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन, सेफोटॅक्सिम, जेंटामायसिन, को-ट्रायमॉक्सॅझोल एवढ्या बास. स्ट्रेनसाठी मॅडमना कॉलेजच्या लेटरहेडवर विद्यापीठाच्या विभागाला लिहायला सांग, नुसता फोन करू नका.

मिरज_लॅबवाला
डिस्क मागवताना मला सांगा, मी पण मागवणारच आहे, एकत्र घेतल्या तर कुरिअरचा खर्च वाचतो. मात्र बिल कॉलेजच्या नावानं वेगळं करून घ्या.

कराडचा_पाहुणा
बी.फार्म.वाल्यांना ती अकादमीची फेलोशिप चालते का? भावासाठी विचारतोय, तोच सोनेरी सर्टिफिकेटवाला.

पेट्रीप्लेट
दरवर्षीची सूचना वाचून घे, पात्रता त्यात स्पष्ट लिहिलेली असते. आणि त्याला सांग, ते सर्टिफिकेट अर्जाला जोडू नकोस म्हणावं.